वार

नाशिकरोडला आमचं घर प्रेसच्या भोंग्यावर चालायचं.
भोंगा झाला की आई कुकरखालचा गॅस बारीक करी.
आप्पा नोटा मोजत. दुसऱ्यांच्या. एकतीस वर्षं.
एकदा एक नोट कमी भरली.
गेट बंद, सगळे आत.
कुकर गार झाला. मी जिन्यात बसून
वर येणारी पावलं ऐकत राहिले, सगळी शेजाऱ्यांची.
रात्री साडेअकराला आले. सापडली होती,
यंत्राच्या पत्र्याखाली, कोपरा दुमडलेली.
जेवले नाहीत. हात धुतले, पुन्हा धुतले.
त्यांच्या मानेवरची एक शीर
रिटायर झाल्यावरही भोंग्याला उडायची.

आता मी प्राणिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर.
फळ्यावर काढते आठवं गुणसूत्र, त्याची लांब भुजा,
आणि खडू टेकवते: इथे.
इथली ओळ वाचली गेली की मेंदूच्या तळाशी
एकेचाळीस मण्यांची माळ ओवली जाते.
सेरीन, ग्लुटामिक, ग्लुटामिक, प्रोलीन, प्रोलीन...
पोरं पाढ्यासारखं म्हणतात, पेंगत.
माळ पीयूषिकेच्या कानाशी लागते,
पीयूषिका रक्तातून हाक पाठवते
मूत्रपिंडांवरच्या दोन टोप्यांना,
आणि कॉर्टिसोल निघतं, जिल्हाभर.
मग तेच मेंदूकडे परत येऊन म्हणतं,
पोचलो. पुरे आता.
उंदराची माळ नि आपली हुबेहूब सारखी,
मेंढीचे मात्र सात मणी वेगळे.
यावर वर्ग दरवर्षी हसतो.
मागच्या बाकावरून तेजल बोरस्ते विचारते,
"मॅडम, सगळीकडे पुरेच म्हणतं का ते?"
मी म्हटलं, परीक्षेला एवढंच आहे.

तेहेतिसाव्या आठवड्यात, बिटको चौकात, रिक्षात
माझं पोट दगड झालं.

"कशाचं टेन्शन घेतलंय?" शिरोडे डॉक्टरीणबाई.
कुठून सुरू करू?
मार्चला संपणारा करार. आप्पांचा मोतीबिंदू.
आधीचं एक, न टिकलेलं,
ज्याचं नावसुद्धा ठरलं नव्हतं.
"विशेष काही नाही," मी म्हटलं.
साळवे सिस्टरनं पोटावर पट्टा बांधला.
सुई कागदावर डोंगर काढू लागली,
चामरलेणी, उतार, रामशेज, उतार.
फॉर्म भरताना त्यांनी वार विचारला. गुरुवार.

तेव्हा आठवलं, जे मी कधी शिकवलंच नव्हतं:
हीच ओळ वारेतही वाचली जाते.
आणि तिथे कॉर्टिसोल आलं
की पुरे म्हणत नाही. अजून म्हणतं.
अजून ओवा. अजून.
आठवड्यागणिक माळा साचत जातात आईच्या रक्तात,
आतल्याला बाहेर काढणारं घड्याळ.

मला रागच आला.
एवढ्या जाडजूड पोथीत
दारासाठी दुसरी ओळ मिळाली नाही?
आप्पांची शीर उडवणारी तीच कशाला?
मग वाटलं, आपण तरी काय करतो.
वार म्हणतो दिवसाला, घावाला,
आणि बाळामागून पडते तिला.

इंजेक्शन दिलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी.
नाव वाचलं आणि हसू आलं:
कॉर्टिसोलचंच चुलत भावंड.

पहाटे आप्पा आले, डोळ्याला हिरवी पट्टी.
त्यांना सुई दिसेना, कागद दिसेना.
"मला फक्त आली म्हण, मी मोजतो."
मी म्हणायची, आली.
ते अंगठा जिभेला लावून
हवेतल्या हवेत नोटा सरकवत,
सेकंदाला एक, ओठ न हलवता.
दोनशे चाळीसला दुसरी आली.
मग तीनशे दहाला.
मग चारशेच्या पुढे गेले आणि मी काही म्हणाले नाही.

भोंगा झाला.
मी दचकले. आतून एक लाथ बसली.
मी आप्पांच्या मानेकडे पाहिलं.
पाचशे बावीस, तेवीस.
ते मोजत होते.